दुसऱ्यांदा धुतलेला कप

कास्त्रोच्या खाडीत आमचं घर खांबांवर उभं आहे.
भरतीला पाणी थेट फळ्यांखाली येतं,
म्हणजे सांडासांडीचं भय नाही:
सांडेल ते फटींतून समुद्राचं.
तरी अनाईस स्टुलावर चढली,
बाह्या वर न करता कोपरापर्यंत हात बुडवून म्हणाली,
"आज मी."
आणि माझ्या तोंडून आधी "नको"च निघालं.

मी शिंपल्यांच्या कारखान्यात सफाईला आहे.
स्टीलची टेबलं, पाइप, क्लोरीन, भिंतीवर घड्याळ.
अकरा मिनिटांत एक रांग.
बारावं मिनिट माझ्या खिशातून जातं.
अशा माणसानं हाताची घडी घालून बघायचं
पाच वर्षांची पोर एक बशी कशी घासते ते.

आधी बशीशी ओळख.
मग फेसाची दाढी; स्वतःला, मग सीरोला.
सीरो तीन वर्षांचा, त्याच्याकडे चमचे.
प्रत्येक चमच्यात तो आपलं उलटं तोंड बघतो
आणि तोच आहे अशी खात्री पटल्याशिवाय
पुढचा चमचा घेत नाही.
चुलीवरची किटली उकळते, निवते, पुन्हा उकळते.

मी सांगत होतो:
आधी पेले, मग ताटल्या, तेलकट कढई सगळ्यांत शेवटी.
माशाच्या भांड्याला कढत पाणी, ते मी ओतणार.
सुरीला हात नाही. चुलीला तर नाहीच.
आणि फडकं पिळताना दोन्ही हातांचं भांडण लावायचं,
एक इकडे ओढतो, एक तिकडे.
तिनं सगळं ऐकून घेतलं
आणि त्यातलं फक्त भांडण लक्षात ठेवलं.

मुलं झोपली की मी उठायचो.
दिवा न लावता, चुलीच्या तांबड्या उजेडात
बशीच्या काठावरचं पिवळं बलक,
चमच्यांच्या मानेतला भात, सगळं पुन्हा.
नऊ मिनिटांत.
चोरासारखा; फक्त घरातलं खरकटं तेवढं चोरणारा.
मारिसोल रात्रपाळीहून येऊन म्हणायची,
"पोरं किती छान घासतात रे,"
आणि मी बूट काढायला वाकायचो.

मग एका रात्री अनाईस शू करायला उठली.
अनवाणी. दारात.
माझ्या हातात तिचा लाल कप.

"तो मी धुतलाय."

"हो ग. जरासंच राहिलं होतं."

"कुठे?"

मी बोटानं दाखवलं: कानाच्या आतल्या बाजूला
वाळलेला बटाटा, तांदळाच्या दाण्याएवढा.
ती रडेल असं वाटलं. ती वाकून बघत राहिली.
मग खरडखरड करत स्टूल ओढून आणलं,
रात्रीचे दोन, शेजारच्या घरातला कुत्रा जागा झाला.
नखानं बटाटा काढला, मला दाखवला,
फटीतून खाली टाकला.

"मग मला सांगायचं ना," ती म्हणाली.

कारखान्यात मला असं कुणी बोललं असतं
तर मी सतरा कारणं दिली असती.
इथे एकही सुचलं नाही.

"आता तुझा," म्हणून तिनं माझा कप घेतला.
आत कॉफीचं वर्षानुवर्षांचं तपकिरी वळं.
"हे काय?"
"ते तसंच असतं."
"माझंपण तसंच असतं," असं म्हणत
तिनं घासायला घेतलं, जीभ बाहेर काढून,
दोन्ही हातांचं भांडण लावून.
खाली भरती चढत होती.
मी घड्याळाकडे एकदाच पाहिलं. दोनदा.
वळं अर्धं गेलं, अर्धं राहिलं.
ती स्टुलावरच पेंगली, शू तशीच राहिली,
त्याचंही नंतर फळ्यांनी बघून घेतलं.

सकाळी कॉफीला साबणाची चव होती.
विसळायचं शिकवणं राहूनच गेलं होतं.